"थोडं धरा, झालंच": सांगलीतल्या एका एम्ब्रियो ट्रान्सफरचं प्रकरण

पार्श्वभूमी

सारिका (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला तिची परवानगी आहे) विट्याकडच्या एका गावची. वय ३४, लग्नाला नऊ वर्षं. नवऱ्याचं दक्षिणेत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं दुकान. खानापूर-आटपाडी भागात हे घरोघरी आहे. पुरुष सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेत आणि गावातली घरं सासू-सुना सांभाळतात. नवरा वर्षातून तीन-चारदा येणार, त्यात मूल राहिलं नाही तर लोक आधी सुनेकडेच बघणार. दोघांच्या तपासण्या व्हायलाच पाच वर्षं गेली. दोन्ही गर्भनलिका बंद निघाल्यावर आयव्हीएफशिवाय, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करून तो गर्भाशयात सोडण्याशिवाय (हे सोडणं म्हणजेच एम्ब्रियो ट्रान्सफर) मार्ग उरला नाही.

मी सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका छोट्या सेंटरमध्ये सिस्टर-इन-चार्ज आहे. समुपदेशनही मीच करते, कारण त्यासाठी वेगळा माणूस ठेवण्याइतका आमचा पसारा नाही. सारिकाची अंडी आमच्याकडेच काढली. बीजकोश फार सुजण्याची भीती होती म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमनी ताजं, म्हणजे त्याच पाळीतलं ट्रान्सफर टाळलं आणि पाचव्या दिवसाचे तीन भ्रूण (ब्लास्टोसिस्ट) गोठवून ठेवले. पुढं जे घडलं त्यात आमच्या चुका आहेत, आणि त्यातली एक थेट माझी.

पहिलं ट्रान्सफर

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. योनिमार्गात तो उघडून धरणारं स्पेक्युलम लावतात, गर्भाशयाचं तोंड पुसून घेतात, बारीक मऊ नळी (कॅथेटर) आत सरकवतात आणि गर्भाशयाच्या छतापासून एक-दोन सेंटिमीटर अलीकडे भ्रूण सोडतात. पोटावर सोनोग्राफीचा प्रोब असतो, त्यामुळं सगळं पडद्यावर दिसतं. भूल लागत नाही. आम्ही सगळे पेशंटला एकच वाक्य सांगतो: "काही दुखत नाही हो, पाच मिनिटांचं काम आहे."

मूत्राशय भरलेलं का हवं, तर त्याची दोन कारणं. एक, पोटावरून बघताना भरलेल्या मूत्राशयातून गर्भाशय स्वच्छ दिसतं. दुसरं, पुढं झुकलेलं गर्भाशय मागं ढकललं जातं, वाकण कमी होतं आणि कॅथेटर सरळ जातो. हे बरोबरच आहे. पण किती भरलेलं? आमच्या छापील कागदावर एवढंच होतं: "लघवी भरून यावे."

जानेवारी महिना, ऊसतोडीचा हंगाम जोरात. सारिका आणि सासूबाई गाडी करून तासगावमार्गे निघाल्या. वेळ अकराची दिलेली. उशीर नको म्हणून तिनं तासगावातच लिटरभर पाणी संपवलं. पुढं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं गाडी अडकली, गतिरोधक होतेच. आमच्याकडे पोचल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीनं नेहमीच्या सवयीनं विचारलं, "पाणी प्यायलात का? अजून एक बाटली प्या." तीही तिनं प्यायली. मग संमतीपत्रांचा गठ्ठा समोर आला. नवऱ्याच्या सह्या आधी झालेल्या, हिच्या राहिलेल्या. मांडीवर मांडी घट्ट आवळून तिनं पानापानावर सही केली. ते मी पाहिलं होतं.

मॅडम आधीच्या पेशंटच्या अंडी काढण्यात अडकल्या होत्या. साडेअकरा वाजले, बारा वाजले. सारिका दोनदा माझ्याकडे आली. दुसऱ्यांदा म्हणाली, "सिस्टर, आता धरवत नाही. थोडी जाऊन येऊ का?" मी म्हणाले, "थोडं धरा, झालंच. आता गेलात तर सगळं परत करायला लागंल."

शेवटी बारा पंचवीसला तिला टेबलावर घेतलं. मूत्राशय इतकं तट्ट भरलेलं होतं की गर्भाशय पार मागं दबलेलं, तोंड वर आणि लांब गेलेलं. स्पेक्युलम उघडताच ती कळवळली आणि तिनं अंग आवळून घेतलं. नीट दिसेना म्हणून नळी घालून लघवी काढायचं ठरलं, म्हणजे आणखी एक टोचणी. ती काढली तर मूत्राशय जवळजवळ रिकामं झालं आणि वाकण परत आलं. कॅथेटर आतल्या तोंडाशी अडला. मग व्हल्सेलम नावाच्या चिमट्यानं गर्भाशयाचं तोंड धरून ओढावं लागलं. पाच मिनिटांच्या कामाला तेवीस मिनिटं लागली. खोलीत सात माणसं होती, त्यात शिकायला आलेल्या दोन मुली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिच्याशी एक शब्दही न बोलता सगळ्यांचे डोळे पडद्यावर. मीही पडद्याकडेच बघत होते.

त्यानंतर आमच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणं दोन तास उताणं पडून राहायचं, उठायचं नाही. घरी गेल्यावर सासूबाईंनी त्या दोन तासांचे चौदा दिवस केले.

बीटा निगेटिव्ह आला. म्हणजे रक्ताच्या तपासणीत गर्भ राहिलेला दिसला नाही. सारिका पुढचे चौदा महिने आमच्याकडे फिरकली नाही.

अडचण नेमकी कुठं होती

आमच्या फाइलमध्ये या ट्रान्सफरची नोंद "डिफिकल्ट ट्रान्सफर, व्हल्सेलम वापरला" अशी होती. त्यावरून कुणालाही वाटेल, पेशंटची शरीररचनाच अवघड. दुखण्याची नोंद कुठंच नव्हती, आणि पाणी कधी किती प्यायलं याचीही नव्हती.

सारिका परत आली ती नवऱ्याच्या आग्रहानं. पहिल्या भेटीत मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, त्या दिवशी काय काय झालं ते मला सकाळपासून सांगा. तिनं जे सांगितलं त्यात कॅथेटरचा उल्लेख फार उशिरा आला. आधी आलं ते तासगावचं पाणी, मग गतिरोधक, मग सह्या. मग म्हणाली, "तुम्ही जाऊ दिलं नाही ते मला लई लागलं." मग गार जेल, मग पाय वर बांधल्यावर दाराची सतत उघडझाप. आणि शेवटी, फार हळू आवाजात: "मी अंग आवळून घेतलं म्हणून राहिलं नाही का? आणि दोन तासांनी लघवीला गेले तेव्हा वाटलं, गेलंच वाहून."

चौदा महिने ती हे मनात घेऊन वावरत होती. मूत्राशय वेगळं, गर्भाशय वेगळं, लघवीचा मार्ग वेगळा. लघवीवाटे भ्रूण पडायला वाटच नाही. हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असतील. तेव्हा कुणी सांगितलं नाही, कारण तिनं विचारलं नव्हतं.

तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं नाही. ट्रान्सफर अवघड गेलं, तोंड चिमट्यानं धरावं लागलं तर गर्भाशय आकुंचन पावू शकतं, आणि म्हणूनच ते टाळायचं असतं. पण त्या दिवशी नेमकं त्यामुळंच राहिलं नाही असं कुणी म्हणू शकत नाही, आणि तिच्या आवळण्यामुळं तर नाहीच. मॅडमनी तिला हे असंच सांगितलं, गोलमाल न करता.

कोणते पर्याय पुढं होते

नवऱ्याचं म्हणणं साधं होतं: "मॅडम, भूल द्या की सरळ. पैशाचं बघू." त्याला चूक म्हणता येत नाही. पण भुलीला उपाशी राहावं लागतं आणि पाणीसुद्धा दोन तास आधी बंद करावं लागतं. म्हणजे मूत्राशय हवं तसं भरणं आपल्या हातात राहत नाही. विट्याहून उपाशी प्रवास, भूलतज्ज्ञांची वेळ, भुलीचा स्वतःचा धोका, आणि हे सगळं पाच मिनिटांच्या कामासाठी. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही ट्रान्सफरसाठी सरसकट भूल देऊ नये असंच सांगतात. तरी मॅडमनी तो पर्याय बाद केला नाही, शिल्लक ठेवला.

दुसरा पर्याय होता रिकाम्या मूत्राशयावर, योनिमार्गातून सोनोग्राफी करत ट्रान्सफर करायचा. काही ठिकाणी करतात. पण स्पेक्युलम, प्रोब आणि कॅथेटर एकाच जागेत हाताळायला वेगळी सवय लागते आणि ती मॅडमच्या हाताला नव्हती. त्या म्हणाल्या, "हिच्यावर मी शिकणार नाही." हा निर्णय मला त्या दिवसातला सगळ्यात चांगला वाटला.

तिसरा म्हणजे नुसती वेदनाशामक गोळी देऊन मागच्यासारखंच करायचं. त्यानं पोटातली कळ थोडी कमी झाली असती, पण तट्ट भरलेल्या मूत्राशयावर आणि अपमानावर गोळी नाही.

चौथा, आधीच्या पाळीत एक रंगीत तालीम करून बघायची. भ्रूणाशिवाय, नुसता मऊ कॅथेटर घालून. याला आम्ही मॉक म्हणतो. खरं तर तो पहिल्याच वेळी व्हायला हवा होता. तो सोसला तर भुलीशिवाय ट्रान्सफर आणि सोसला नाही तर भूल, असं ठरलं. सारिकाला हे पटलं, कारण दोन्ही बाजूंना तिला वाट होती.

मॉकमध्ये काय कळलं

या वेळी तिला सांगितलं, पाणी न पिता या, इथं आल्यावर बघू. आल्यावर आधी लघवीला पाठवलं. मग अडीच ग्लास, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी दिलं. चाळीस मिनिटांनी मॅडमनी पोटावरून मूत्राशय मोजलं. लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून ०.५२ नं गुणायचं की मिलिलिटर मिळतात. मशिन ते करूनही देतं. आम्ही हे पूर्वी कधी केलं नव्हतं. आकडा आला २३० च्या आसपास. सारिका म्हणाली, "जावंसं वाटतंय, पण थांबू शकते."

एवढ्यावरच गर्भाशय पुरेसं सरळ झालं होतं. मऊ कॅथेटर व्हल्सेलमशिवाय आत गेला. शरीररचना अवघड नव्हतीच. वाकण होतं खरं, पण आम्ही आधी ते फार दाबलं आणि मग एकदम सोडून दिलं. आतलं अंतर, वाकणाची दिशा आणि कुठला कॅथेटर, हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं.

आणखी एक गोष्ट कळली. ती दचकत होती ते स्पेक्युलमचा स्क्रू फिरवला की. घालताना नव्हे, उघडताना. मॅडमनी एक साईज लहान घेतला आणि प्रत्येक फेऱ्याआधी "आता उघडते" म्हणायला लागल्या. तिसऱ्या फेऱ्याला सारिका म्हणाली, "बास, एवढंच." मॅडमनी वाकून पाहिलं, तेवढंही पुरत होतं.

ट्रान्सफरच्या दिवसाआधी काय बदललं

सह्या आठ दिवस आधीच्या भेटीत उरकल्या. कायद्यानं लागणारी कागदं लागणारच, पण ती लघवी धरून वाचायची नाहीत.

पाणी कधी प्यायचं हे आता लॅब आणि मॅडम मिळून ठरवणार. भ्रूण सकाळी वितळवून इन्क्युबेटरमध्ये ठेवला की तो तिथं निवांत राहतो. कॅथेटरमध्ये भरेपर्यंत त्याला काही घाई नसते. आम्ही मात्र वर्षानुवर्षं पेशंटलाच घाई करत होतो. आता भ्रूण चांगला असल्याचं लॅबनं सांगितल्यावर आणि मॅडम इमारतीत, मोकळ्या असल्यावरच पहिला ग्लास द्यायचा. मधेच उशीर झाला तर पेशंटनं खुशाल लघवीला जायचं, पूर्ण रिकामं केलं तरी चालेल. पाणी पोटात गेलेलं असतं, मूत्रपिंडं काम करत असतात, वीस-पंचवीस मिनिटांत मूत्राशय परत भरतं. हे शाळेतल्या पोराला कळण्यासारखं आहे, आणि मी "सगळं परत करायला लागंल" म्हणून बसले होते.

इंजेक्शनांचा त्रास वेगळाच होता. तेलातल्या प्रोजेस्टेरॉननं (गर्भ रुजायला मदत म्हणून देतात ते संप्रेरक) मागच्या वेळी तिच्या कुल्ल्यांवर गाठी आल्या होत्या. टेबलावर उताणं झोपणंच तिला नको वाटायचं. मॅडमनी इंजेक्शनं कमी करून योनीतल्या गोळ्या वाढवल्या. उरलेली इंजेक्शनं गावात देणाऱ्या सिस्टरांना मी फोन केला: बाजू बदलत राहा, कुपी तळहातात धरून कोमट करून घ्या, नंतर शेक द्यायला सांगा.

राहिल्या सासूबाई. त्यांना टाळून काही होणार नाही हे मला माहीत होतं. त्यांच्या डोक्यात गर्भाशय म्हणजे गाडगं, हललं की सांडणार. मी म्हटलं, "मामी, ते गाडगं नव्हे. ओल्या लुगड्याची घडी बघा, दोन पदर कसे चिकटून बसतात. त्यात तिळाहूनही लहान कण ठेवलाय. तो कुठं पडतोय?" त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग मागच्या बारीला एवढं झोपवून का ठेवलं हिला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ट्रान्सफरनंतर पडून राहण्याचा काही फायदा नाही हे त्याच २०१७ च्या सूचनांमध्ये आहे. आमचा दोन तासांचा नियम नुसता सवयीनं चालत आला होता.

दुसरं ट्रान्सफर

नवरा रात्रभर प्रवास करून पहाटे मिरजेला उतरला आणि तिथून परस्पर आला. भ्रूण गोठवलेले असल्यानं औषधांवर तारीख दोन-तीन दिवस पुढं सरकवता आली, नाहीतर तो हजर नसताच. त्याला टोपी-गाऊन घालून आत घ्यायचं का, यावर आमच्यात थोडी वादावादी झाली. ऑपरेशन थिएटरच्या नियमात बसत नव्हतं. शेवटी त्याला तिच्या उशाशी स्टुलावर बसवायचं आणि उठू द्यायचं नाही, असं ठरलं. तो उठला नाही. त्याच्या हाताला ॲसिडचे जुने डाग होते आणि त्या हातानं त्यानं तिचं मनगट धरलं होतं.

खोलीत त्याच्याशिवाय चौघं: मॅडम, सोनोग्राफीवर एक डॉक्टर, मी, आणि लॅबच्या खिडकीशी भ्रूण सांभाळणारे एम्ब्रियॉलॉजिस्ट. दार आतून लावलं. जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवली होती. पायांवर चादर घातली. एम्ब्रियॉलॉजिस्टनं नाव विचारलं, मग मी विचारलं, मग परत त्यांनी. मागच्या वेळी तिला वाटलं होतं की यांचा काहीतरी घोळ झालाय. या वेळी आधीच सांगितलं होतं, भ्रूण तुमचाच आहे याची खात्री करायला तीनदा विचारतात. तिसऱ्यांदा तिनं हसून आडनावासकट, गावासकट सांगितलं.

हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं, हे ठरलं होतं. तिनं एकदाच केला, स्पेक्युलम उघडताना. मॅडम थांबल्या. कुणी "झालंच, झालंच" म्हणालं नाही. दहा-बारा सेकंदांनी तिनं स्वतःच हात खाली घेतला.

कॅथेटर गेला. पडद्यावर पांढरा ठिपका चमकला तो मी तिला बोटानं दाखवला. भ्रूण कॅथेटरमध्येच अडकला नाही ना, हे एम्ब्रियॉलॉजिस्टनं मायक्रोस्कोपखाली तपासून "क्लिअर" म्हटलं. सहा मिनिटं लागली. दहा मिनिटांनी ती उठून लघवीला गेली, चालत.

संध्याकाळी फोनवर विचारलं, मागच्या वेळचं दुखणं दहात किती आणि आजचं किती? "तेव्हाचं नऊ. आजचं दोन. ते पण त्या स्क्रूचं."

निकाल

बीटा निगेटिव्ह आला.

ट्रान्सफर सोपं गेलं म्हणून गर्भ राहतोच असं नाही, आणि हे आम्ही तिला आधी सांगितलं होतं. भ्रूण दिसायला कितीही चांगला असला तरी रुजेलच असं नसतं. तरी मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली, की ही आता परत येणार नाही.

चौथ्या दिवशी तिचाच फोन आला. रडून झालेलं आवाजावरून कळत होतं. तिनं विचारलं, "तो एक राहिलाय तो कधी घ्यायचा? ह्यांना दिवाळीला यायचंच आहे." पहिल्या वेळी निगेटिव्ह आल्यावर चौदा महिने गेले होते, या वेळी चार दिवस. माझ्या लेखी या प्रकरणाचा निकाल हा आहे, बीटाचा आकडा नव्हे. गोठवलेले भ्रूण शिल्लक असूनही बायका उपचार सोडतात, आणि आम्ही फाइलवर "पेशंट आली नाही" लिहून मोकळे होतो.

परत करायचं झालं तर

मॉक पहिल्याच वेळी. आता आमच्याकडे तो सगळ्यांचा होतो, "अवघड" दिसणाऱ्यांचाच नव्हे, कारण सारिका अवघड दिसतच नव्हती.

पहिल्या दिवशी बारा वाजता मी एकटी निर्णय घेऊ शकत होते. तिला लघवीला पाठवायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. मॅडम रागावल्या असत्या कदाचित, पण नंतर त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "पाठवायचं होतंस की." आता तो निर्णय सिस्टरचा आहे असं लिहूनच ठेवलंय. लिहिल्याशिवाय नवीन मुली धजत नाहीत.

नवऱ्याला आत घेण्याचं सगळ्यांनाच जमणार नाही. काहींना नवरा नकोच असतो, बहीण हवी असते. हे आधी विचारायला हवं. दुसऱ्या वेळी आम्ही सारिकाला विचारलं नव्हतं, गृहीत धरलं होतं. ते जमून गेलं एवढंच.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मॅडम एकच आहेत, आणि एखादं अंडी काढण्याचं काम लांबलं की उशीर होतोच. पाणी उशिरा द्यायचं ठरवल्यामुळं पेशंटला कळ सोसावी लागत नाही, पण विट्याहून, जतहून आलेली बाई तीन-तीन तास बसून राहतेच. ट्रान्सफरसाठी आठवड्यातले दोन दिवस वेगळे काढायचं घाटतंय.

"लघवी भरून यावे" हा छापील कागद रद्द केलाय. जुना गठ्ठा रिसेप्शनच्या खणात तसाच होता. परवा सारिका तारीख घ्यायला आली, तर नवीन मुलीनं त्यातलाच एक तिच्या हातात ठेवला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. "सिस्टर, हे अजून वाटतायत वं तुमच्याकडं."